सिरिलची पाटी

टपाल घेऊन परत वळताना अर्डिसला ती दिसली. टपालपेटीच्या बाजूला, ओल्या गवतात, दरवर्षी जिथे असायची नेमकी तिथेच सिरिलची पाटी उभी होती. लाल अक्षरांत एकच शब्द: नाही. वाटेच्या दुसऱ्या बाजूला, अक्रोडाच्या झाडाखाली, तिने स्वतः परवा रोवलेली तिची पाटी होती. तिच्यावर निळ्या अक्षरांत: होय. मधून घराकडे जाणारी खडीची वाट. ऑक्टोबर सरत आला की हे अंगण लग्नापासून असंच दिसत आलं होतं, त्यामुळे पहिल्या क्षणी तिला काही वावगं वाटलं नाही. उलट बरंच वाटलं. लावली वाटतं यानं एकदाची, असं मनाशी म्हणत ती चार पावलं पुढे गेली, आणि मग जागच्या जागी थबकली. सिरिल ऑगस्टातच गेला होता.

ती परत फिरली, पाटीपाशी वाकली. पाटीच्या तारा बुटाच्या टाचेने दाबून खोल रोवलेल्या होत्या, वाऱ्याने कलू नयेत म्हणून. हे काम पक्षाच्या कचेरीतून येणाऱ्या पोरांचं नव्हे. ती पोरं नुसती टोचून पळतात. चिखलात उमटलेली टाच रुंद होती, बाहेरच्या बाजूने झिजलेली. नॉर्बर्ट. सिरिलचा थोरला भाऊ, खाली ओढ्याकाठी राहणारा. तिचा हात पाटीकडे गेला, पण उपटायला धजेना. त्या दोघांच्या संसारात नियम फार नव्हते, पण हा एक होता: निवडणुकीच्या दुसऱ्या दिवसापर्यंत दुसऱ्याच्या पाटीला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र, कोण जिंकलं कोण हरलं याची वाच्यता न करता, तो तिची पाटी काढायचा आणि ती त्याची. आपली आपण काढायची नाही. मग दोन्ही पाट्या गोठ्यात एकावर एक टाकून न्याहारी. नियम मोडायला आता अडवणारं कुणी नव्हतं, आणि म्हणूनच तिला तो मोडता येईना. हात कोटाच्या खिशात घालून ती घरात गेली.

यंदा मतपत्रिकेवर सगळ्यात खाली जो प्रश्न छापलेला होता त्यावर टॅमरॅक गावात चर्चच्या पायरीपासून दाण्याच्या गिरणीपर्यंत बोलणं चाललं होतं. काउंटीचा, म्हणजे जिल्हा सरकारचा, वृद्धाश्रम काउंटीकडेच ठेवायचा तर घरपट्टी वाढणार. वाढवायची का? नाही म्हटलं तर वृद्धाश्रम बाहेरच्या कुठल्याशा कंपनीला विकला जाणार होता. हाच प्रश्न याआधीही लोकांपुढे आला होता, आणि दर वेळी वृद्धाश्रम थोडक्यात वाचला होता. दर वेळी सिरिलने नाही म्हटलं होतं, अर्डिसने होय. आणि मग या उन्हाळ्यात सिरिल त्याच वृद्धाश्रमाच्या मागच्या बाजूच्या खोलीत, मक्याच्या शेताकडे तोंड करून, शेवटचे दिवस पडून होता.

लग्न झालं तेव्हा लोक म्हणाले होते की हे टिकायचं नाही. सिरिलची हाउप्ट मंडळी खालची, दरीतली, कॅथलिक, आणि पिढ्यान्‌पिढ्या रिपब्लिकन. अर्डिसचं माहेर वरचं, कड्यावरचं. नॉर्वेहून आलेले लुथरन, आणि पक्के डेमोक्रॅट, कारण कड्यावर वीज आली ती त्या पक्षाच्या राज्यात. तिचे वडील हे सांगत, आणि दिवा लावताना दर वेळी सांगत. लग्नाच्या जेवणात दोन्हीकडची मंडळी धर्मापेक्षा याच गोष्टीने जास्त अवघडून बसली होती. लग्नानंतरच्या पहिल्याच निवडणुकीला दोघं ट्रकमधून निघाली ती भांडतच. गावाच्या सभागृहापाशी पोचेपर्यंत तिचे डोळे भरून आले होते. सिरिलने इंजिन बंद केलं आणि म्हणाला, "अगं, आपण दोघं एवढं पेट्रोल जाळून काय करायला आलोय माहीत आहे? शून्य. तुझं मत माझ्या मताला खाणार, माझं तुझ्या." ती म्हणाली, "मग घरीच बसू या की." तो म्हणाला, "घरी केक कुठे आहे?" मतदानाच्या दिवशी चर्चच्या बायका सभागृहात सफरचंदाचा केक आणि कॉफी विकायच्या. ती रडता रडता हसली, आणि त्या हसण्यात करार ठरला. जायचं तर दोघांनी. एकाला जमलं नाही तर दुसऱ्यानेही जायचं नाही. हे दोघांनी कुठे लिहिलं नव्हतं, पण गावाला ठाऊक होतं. असल्या गोष्टी गावाला ठाऊक असायच्याच.

त्यानंतर गाव बदलत गेलं. दुधाला भाव राहिला नाही आणि कड्यावरचे गोठे एकेक करून रिकामे झाले. अर्डिस शाळेची बस चालवायची, त्यामुळे तिला प्रत्येक घराचं अंगण रोज दिसायचं. कुणाच्या गाई लिलावात गेल्या की पुढच्या निवडणुकीला त्या घरासमोरची पाटी बदलायची. लगेच नाही, आधी एक वर्ष तिथे काहीच नसायचं, नुसतं गवत. मग दुसरी पाटी यायची. तिने हे कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. तिच्या वडिलांच्या घरात आता राहणाऱ्या भाच्यानेही सिरिलच्या पक्षाची लाल पाटी लावली तेव्हा सिरिल म्हणाला होता, "तुझा कडा घसरतोय गं." चिडवायला म्हणाला, पण मग त्यानेच ट्रक हळू केला आणि तिचा गुडघा थोपटला. तिला त्या वेळी वाटलं होतं की आपल्या बाजूला माणसं उरली नाहीत, आपण एकट्या पडत चाललो. आणि तरी एकटी नव्हती ती, कारण विरुद्ध बाजूला हा होता, शेजारच्या आसनावर, स्टिअरिंग धरून.

दोन दिवसांनी नॉर्बर्ट हिवाळी काचा बसवायला आला. पडवीच्या खिडक्यांना बाहेरून दुसऱ्या काचा लावायचं काम सिरिलचं. यंदा न सांगता तो आला. तो शिडीवर, ती खालून काचा देणारी. दोन खिडक्या झाल्या. मग तिने विचारलं, "पाटी तू लावलीस ना?"

"त्याचीच आहे. तुमच्याच गोठ्यात पडली होती."

"माणूस गेला, नॉर्बर्ट."

"माणूस गेला. मत कुठे गेलं?" त्याने खिट्टी फिरवली. "मंगळवारी मत टाकायला जाणार आहेस तू?"

तिने फडक्याने पुढची काच पुसली. तो शिडीवरून उतरला, हातमोजे काढले. म्हातारा झाला होता तो. उतरताना प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत होता. "मला भांडायचं नाही," तो म्हणाला. "पण एक लक्षात ठेव. तुमचा सौदा होता, आणि मी गावच्या अध्यक्षपदाला उभा होतो तेव्हा त्याने तो पाळला होता. तू वर खाटेवर होतीस. मी खाली दारात उभा, हातात टोपी घेऊन, सख्ख्या भावापुढे. तो बटाटे सोलत होता. मान वर न करता मला म्हणाला, सौदा म्हणजे सौदा. एका मताने पडलो मी, अर्डिस. तो आला असता तर बरोबरी झाली असती, टोपीतून चिठ्ठी काढली असती. त्याने मला टोपीपर्यंतसुद्धा पोचू दिलं नाही."

"मला माहीत आहे ते."

"माहीत असेल तर या वेळी तू घरी बस. तो तुझ्यासाठी बसला, तू त्याच्यासाठी बस. फार नाही मागत मी." त्याने पुढची काच उचलली. "ही कोपऱ्यातली ना?"

"ती नाही, स्वयंपाकघराची ती. मागे सिरिलने खूण केली आहे बघ."

त्याने काच उलटून पाहिली. खडूची खूण होती. दोघं त्या खुणेकडे जरा वेळ बघत राहिली, आणि मग त्याने ती काच हलक्या हाताने स्वयंपाकघराच्या खिडकीला लावली.

नॉर्बर्टचा हिशेब चुकीचा नव्हता. त्या रात्री आणि नंतरचे सगळे दिवस ती तो हिशेब मनात फिरवून फिरवून पाहत होती आणि तो दर वेळी तसाच उतरत होता. सिरिल असता तर तिचं होय आणि त्याचं नाही, म्हणजे काही नाही. सिरिल नाही, तर तिने घरी बसायचं, म्हणजेही काही नाही. ती गेली तर तो मेला याचा फायदा तिच्या बाजूला मिळणार. तो मेला म्हणून तिचं एक मत वाढणार. हे वाक्य तिच्या मनात आलं तेव्हा ती भांडी घासत होती आणि तिला किळस आली. पण घरी बसायचं म्हणजे तो वृद्धाश्रम विकला जाऊ द्यायचा. तिथली लूर्देस नावाची पोरगी, जी रोज सकाळी सिरिलची दाढी करायची आणि त्याच्या गालावर हात ठेवून बोटांनी बघायची की कुठे खुंट राहिलेत का, तिचं काय होईल? कंपनी आली की आधी माणसं कमी करते. आणि उद्या अर्डिस स्वतः कुठे जाऊन पडणार? तिला मूल नव्हतं.

त्या एप्रिलात ती वर पडून होती ती मुलापायीच. चौथा महिना होता. रक्त थांबत नव्हतं आणि डॉक्टरने हलायचं नाही म्हणून सांगितलं होतं, आणि दोघांनाही आतून कळलं होतं की हे मूल राहायचं नाही. त्याच दिवशी गावच्या अध्यक्षाची निवडणूक. नॉर्बर्ट उभा होता. तिला तो अध्यक्ष व्हायला नको होता, कारण त्याला ओढ्याकाठची रेती विकायची होती. सिरिलला हवा होता, कारण भाऊ होता. तिने सिरिलला सांगितलं होतं, तू जा, माझं काय, मी झोपणार आहे. तो म्हणाला, "तू अशी पडलेली असताना तुझ्या विरुद्ध मत टाकून येऊ? ते मत नव्हे, चोरी झाली." मग खाली नॉर्बर्टचा आवाज, मग दार लागल्याचा आवाज, मग बराच वेळ काही नाही, फक्त सोललेला बटाटा पाण्यात पडल्याचा आवाज, एकेक करून. ती तो आवाज ऐकत पडून राहिली. पुढे बरीच वर्षं दोन्ही भावांचं बोलणं बंद होतं. सिरिलने त्याबद्दल तिला कधी एक शब्द ऐकवला नाही. गुरांच्या बाजारात भाऊ समोरून येताना दिसला की तो फक्त टोपी जरा खाली ओढायचा.

आणि जुलैत, त्या मागच्या खोलीत, उशीला टेकून बसलेला सिरिल. गालांची हाडं वर आलेली, दाढी मात्र गुळगुळीत. ती म्हणाली होती, "आता तरी कबूल कर. इथे चांगलं बघतात."

"चांगलंच बघतात. त्या पोरीचा हात फार हलका आहे."

"मग?"

"मग काय? कर फार आहे. मी नाहीच म्हणणार."

"अरे, ज्या गादीवर पडलायस ती गादी काउंटीची आहे."

"गादीचा आणि मताचा काय संबंध?" तो म्हणाला, आणि हसता हसता त्याला खोकला लागला. खोकला थांबल्यावर त्याने तिचा हात शोधला. "नोव्हेंबरात मला चाकाच्या खुर्चीत घालून ने. तुझं मत मोकळं सोडणार नाही मी." तिने नेईन म्हटलं. तोवर तो उरणार नाही हे दोघांनाही माहीत होतं. आता मंगळवार जवळ येत होता आणि तिचं मत मोकळं सुटलं होतं, आणि हा मोकळेपणा तिला सहन होत नव्हता. कुणाशी तरी भांडावं असं तिला फार वाटत होतं.

मंगळवारी सकाळी तिने जायचं नाही असं ठरवलं. ठरवल्यावर बरं वाटलं. फिटलं एकदाचं, असं वाटलं. तिने कॉफी केली, रेडिओ लावला नाही, आणि दुपारच्या जेवणाचे बटाटे घेऊन टेबलाशी बसली. खिडकीच्या नुकत्याच बसवलेल्या काचेतून दोन्ही पाट्या दिसत होत्या. वारा सुटला होता आणि दोन्ही एकाच बाजूला वाकत होत्या. सोललेला बटाटा तिने पाण्यात टाकला. तो आवाज झाला आणि तिचा हात थांबला. तिला एकदम वरची खोली आठवली, खाट, आणि तो आवाज ऐकत पडलेली ती. तेव्हा वर कुणीतरी होतं. त्याने इथे बसून बटाटे सोलले ते वर कुणीतरी होतं म्हणून. आज वर कुणी नव्हतं. तिने मान वर करून जिन्याकडे पाहिलंसुद्धा. जिना रिकामा होता, पायऱ्यांवर ऊन पडलं होतं. ती ज्याच्यासाठी घरी बसली होती तो घरात नव्हता. हिशेब अजूनही नॉर्बर्टचाच बरोबर होता. तिला त्यात एकही चूक काढता आली नाही. आपण सौदा मोडतो आहोत हे तिला पुरतं कळत होतं आणि त्याचं वाईट वाटत होतं, फार वाईट. तिने सुरी ठेवली, हात पुसले आणि कोट घातला.

सभागृहाबाहेर नॉर्बर्टचा ट्रक उभा होता. तो आत स्टिअरिंगमागे बसला होता. त्याने तिला पाहिलं, तिने त्याला पाहिलं, आणि ती आत गेली. मतदारयादीच्या टेबलाशी डोरीन होती. डोरीनला तिने बालवाडीपासून बसने शाळेत पोचवलं होतं, तरी डोरीनने कायद्याप्रमाणे विचारलं, "नाव आणि पत्ता?" मोठ्यांदा सांगायचं असतं. दरवर्षी सिरिल आधी सांगायचा, मग ती. तिने सांगितलं. जवळजवळ रिकाम्या सभागृहात तिचा आवाज तिला अनोळखी वाटला. आडोशाला जाऊन तिने सगळ्यात खालच्या प्रश्नापासून सुरुवात केली. होय. गोल तिने कडेपर्यंत नीट भरला. मग बाकीची पत्रिका वरून खाली एकाच पक्षाला, तिच्या वडिलांसारखी. यंत्राने पत्रिका आत ओढून घेतली, बारीक शिट्टी वाजली, वरचा आकडा एकाने पुढे सरकला. ती तिथेच उभी राहिली. मागे पत्रिका घेऊन उभा असलेला तरुण हळूच म्हणाला, "झालं आजी तुमचं. गेलं आत." तेव्हा तिला कळलं की आपण दुसऱ्या शिट्टीची वाट बघत होतो.

केकच्या टेबलावरच्या बाईने नेहमीच्या सवयीने दोन कागदी बशा भरल्या आणि मग तिचा चेहरा पडला. "असू दे," अर्डिस म्हणाली. "दोन्ही दे." बशा घेऊन ती बाहेर आली आणि नॉर्बर्टच्या खिडकीशी उभी राहिली. त्याने काच खाली केली.

"टाकलंस," तो म्हणाला.

"टाकलं. होय म्हणून."

तो समोर बघत राहिला. "घरी बसशील असं वाटलं होतं."

"मलाही वाटलं होतं. तुझं काही चुकलं नाही. मी सौदा मोडला." तिने बशा ट्रकच्या टपावर ठेवल्या. "तू टाकलंस मत?"

"नाही अजून. सकाळपासून बसलोय इथे."

"का?"

नॉर्बर्टने स्टिअरिंगवरचे हात काढले. "तू आली नसतीस तर आत जाऊन टाकलं असतं आणि घरी गेलो असतो. जिंकल्यासारखा." त्याने दार उघडलं, एकेक पाय खाली टेकवत उतरला. "केक सांभाळ. वारा आहे."

ती वाऱ्यात बशांवर हात धरून उभी राहिली. येणारे जाणारे मान हलवत होते. कुणी काही विचारलं नाही. थोड्या वेळाने तो बाहेर आला, टोपी डोक्यावर बसवत.

"झालं," तो म्हणाला. "शून्य."

"तू 'नाही' असंच मत टाकणार होतास. मी आले नसते तरी."

"हो. पण ते नुसतंच पडलं असतं, कुणाच्या मताला न खाता."

त्याने ट्रकची मागची फळी खाली पाडली आणि दोघं तिच्यावर टेकून केक खाऊ लागली. केक दरवर्षीसारखाच होता, दालचिनी जरा जास्त. नॉर्बर्ट सावकाश चावत होता. मध्येच म्हणाला, "त्या दिवशी तू वर एवढी आजारी होतीस हे मला कुणी सांगितलं नव्हतं."

"तू विचारलं नव्हतंस."

"नाही," तो म्हणाला. "मत मागितलं फक्त."

त्याचे डोळे ओले झाले होते, वाऱ्याने किंवा कशाने. तिला त्याचा राग आला नाही. पलीकडे झेंड्याची दोरी खांबावर आपटत होती. कोण जिंकणार हे उशिरा कळणार होतं, आणि काहीही कळलं तरी उद्याची सकाळ उजाडणार होती. तिने रिकामी बशी घडी घालून खिशात ठेवली.

"उद्या सकाळी येशील?" ती म्हणाली. "पाटी काढायची आहे."

"येतो. मीच रोवली आहे, मीच काढतो त्याची."

"त्याची नाही," अर्डिस म्हणाली. "त्याची मी काढणार. तू माझी काढ."